मालेगावचा सुपरमॅन आणि उत्रोलीचा लाल टॉवेल



या सदरात आपण एरवी खतांच्या मात्रा, रोगकिडी आणि बियाणे यांच्या गोष्टी करतो. आजचा विषय वेगळा आहे, आणि तो मी काढलेला नाही. भोर तालुक्यातल्या उत्रोलीच्या एका भगिनींनी तो काढला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: "साहेब, आमच्या धाकट्याची बारावी झाली. सुट्टी लागल्यापासून तो आणि त्याचे चौघे मित्र मोबाइलवर सिनेमा काढताहेत. लाल टॉवेल पाठीला बांधून एकजण सुपरमॅन झालाय. आता त्याला दोराने ट्रॅक्टरला टांगून विहिरीवरून उडवायचे म्हणतात. वर, चांगला कॅमेरा घ्यायला एक म्हैस काढू या, असे धाकट्याने वडिलांना सुचवले. तेव्हापासून बापलेकांचे बोलणे बंद आहे. हे खूळ कसे घालवावे, तेवढे सांगा."

ताई, भातावर किडा दिसला की लगेच पंप पाठीवर घ्यायचा नाही, हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. आधी किडा ओळखायचा. ढालकिडा दिसला आणि आपण फवारणी केली, तर मावा खाणारा आपलाच गडी मेला. तेव्हा हा लाल टॉवेलवाला किडा शत्रू आहे की मित्र, हे आधी पाहू. औषधाचे मग बोलू.

प्रथम हा सुपरमॅन कोण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. निळा घट्ट पोशाख, पाठीवर तांबडे वस्त्र, अंगी हत्तीचे बळ आणि आभाळात उडण्याची शक्ती असा हा अमेरिकेतला कल्पित वीर. १९३८ साली तो चित्रकथेच्या मासिकात प्रथम अवतरला. त्याला जन्म देणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँड शहरातले दोन तरुण होते, आणि आपल्या वीराचे हक्क त्यांनी प्रकाशकाला अवघ्या १३० डॉलरना विकून टाकले. पुढे त्यावर किती पैसा उभा राहिला, याची मोजदाद नाही. ज्याने पेरले त्याच्या हाती काय आणि बाजारात विकणाऱ्याच्या हाती काय, हे शेतकऱ्याला निराळे समजावून सांगायला नको.

गोष्टीतला हा वीर दुसऱ्या ग्रहावरून तान्हेपणी पृथ्वीवर येऊन पडतो आणि केंट नावाच्या एका शेतकरी जोडप्याला सापडतो. ते त्याला पोटच्या पोरासारखे वाढवतात. म्हणजे जगभर गाजलेला हा उडता वीर मुळात शेतकऱ्याच्या घरात, गुराढोरांत वाढलेला! १९७८ साली त्याच्यावर मोठा चित्रपट निघाला. माणूस खरोखर उडतो आहे असे वाटावे म्हणून काय काय युक्त्या केल्या गेल्या, आणि एकूण खर्च झाला सुमारे साडेपाच कोटी डॉलर. त्या काळात एका चित्रपटावर एवढा पैसा ओतणे ही अपूर्वाईच होती.

आता हाच सुपरमॅन आपल्या महाराष्ट्रात कसा उडाला, ते ऐका.

नाशिक जिल्ह्यातले मालेगाव आपल्याला कांद्याच्या आणि डाळिंबाच्या निमित्ताने ठाऊक आहे. मोसम नदीच्या काठी वसलेल्या या शहराचे पोट मात्र प्रामुख्याने यंत्रमागांवर चालते. दिवसरात्र मागांचा खडखडाट चालतो. शुक्रवार हा मागांच्या सुट्टीचा दिवस, आणि त्या दिवशी कामगारांची गर्दी लोटते सिनेमाला. वर्तमानपत्रांत या शहराचे नाव यायचे ते बहुधा दंगलीच्या नाहीतर बॉम्बस्फोटाच्या बातमीत. पण तिथल्या माणसांना सिनेमाचे जे वेड आहे, त्याने या शहराला दुसरी ओळख मिळवून दिली.

नासिर शेख नावाचे एक गृहस्थ तिथे व्हिडिओ पार्लर चालवत. छोट्या खोलीत पडदा, समोर बाकडी आणि देशोदेशींचे चित्रपट. चार्ली चॅप्लिनपासून ब्रूस लीपर्यंत सारे पाहता पाहता हा माणूस चित्रपट कसा बांधतात ते शिकला. त्यासाठी तो कोणत्या शाळेत गेला नाही. इतरांचे चित्रपट दाखवता दाखवता आपणही एक काढावा, असे त्याने मनावर घेतले, आणि २००० साली 'मालेगाव के शोले' तयार झाला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. नट कोण? मागावर काम करणारे, छोटे व्यवसाय करणारे, ओळखीपाळखीचे लोक. चित्रण लग्नात वापरतात तसल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. संकलन, म्हणजे तुकडे कापून जोडणे, ते दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून. चित्रपट लागला आणि मालेगावकर त्यावर तुटून पडले. नासिरने आणि त्याच्या मित्रांनी मग एकामागून एक चित्रपट काढले, आणि त्या शहरात हा एक छोटा गावठी धंदाच उभा राहिला.

त्या मंडळींनी पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' काढायला घेतला. सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर राबणारा अगदी काटकुळा तरुण. कॅमेरा उंच उचलून धरायला लागते ती क्रेन परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बैलगाडी घेतली. गाडीची एक बाजू दाबली की दुसरी वर जाते, त्या वर जाणाऱ्या टोकावर कॅमेरा! चालत्या माणसाच्या बरोबरीने कॅमेरा न्यायला रूळ आणि गाडा लागतो, त्या जागी सायकल. उडण्याचे दृश्य घ्यायला हिरवा कपडा पसरून त्याच्यापुढे सुपरमॅनला आडवा तोलून धरला. संगणकाला सांगितले की चित्रातला सगळा हिरवा रंग काढून टाक, की तिथे आभाळ भरता येते आणि माणूस तरंगत राहतो.

मधेच त्यांचा कॅमेरा पाण्यात पडला. मधेच नायकाचे लग्न आले. तरी काम थांबले नाही. बायकांची कामे करायला शहरातल्या मुली पुढे येऊ शकत नव्हत्या, म्हणून नट्या बाहेरून आणाव्या लागल्या. आणि या सुपरमॅनने लढायचे कोणाशी? अमेरिकेतल्या सुपरमॅनसारखे परग्रहावरच्या राक्षसांशी नव्हे. मालेगावच्या सुपरमॅनचा शत्रू म्हणजे गावभर घाण आणि तंबाखू पसरवणारा एक खलनायक. आपल्या दारातली गटारे आणि आपल्या लोकांच्या तोंडातली गुटख्याची पुडी, एवढ्याशी लढणारा वीर या मंडळींना पुरेसा वाटला.

हा सारा खटाटोप फैजा अहमद खान यांनी माहितीपटात टिपला. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली तयार झाला, देशोदेशींच्या महोत्सवांत दाखवला गेला आणि २०१२ साली आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला. पुढे रीमा कागती यांनी या मित्रांच्या जीवनावर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट काढला. तो २०२४ साली कॅनडातल्या टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्याकडे लागला. पन्नास हजारांच्या उद्योगावर मोठ्या पैशांचा चित्रपट निघाला, हा काळाचा न्याय म्हणायचा.

आता मुद्द्याचा प्रश्न. ज्यात लटकवलेला माणूस लटकवलेलाच दिसतो, ज्यातला वीर आपल्या शेजारच्या पोरापेक्षा अंगाने बारीक आहे, अशा ओबडधोबड चित्रपटावर माणसे एवढा जीव का टाकतात? शहरातले काहीजण म्हणतात, हसायला. हसायला येते हे खरे. पण नुसते हसू दोन तासांत संपते. त्यासाठी माणूस तोच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहत नाही आणि त्याच्या गोष्टी घरी जाऊन सांगत नाही.

याचे उत्तर मला सिनेमात नव्हे, माझ्या धंद्यात सापडते. कृषी विस्ताराचे काम करणाऱ्याला पहिल्या काही वर्षांत एक गोष्ट कळून चुकते. शेतकऱ्यांना विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर न्यावे, तिथे पीक छातीला लागलेले असावे, लोंब्या वाकलेल्या असाव्यात. मंडळी माना डोलावतात, चहा घेतात, आणि परतीच्या एसटीत एकमेकांना म्हणतात, "त्यांचं काय, सरकारचं पाणी, सरकारची माणसं. आपल्याला कुठं जमायचं?" झाले! फेरी फुकट. पण तेच पीक भावकीतल्या एखाद्याच्या, बांधाला बांध लागून असलेल्या खाचरात उभे राहू द्या. तिथे तण दिसते, एक कोपरा पिवळा पडलेला दिसतो, लावणीची एखादी ओळ वाकडी गेलेली दिसते. तरी पुढच्या हंगामात आसपासचे चारजण तीच पद्धत करून पाहतात. का? कारण ती वाकडी ओळच त्यांना सांगते की हे आपल्यासारख्या माणसाने केलेले आहे.

आपल्या भोर-वेल्ह्यात चारसूत्री भातशेती अशीच पसरली. दोरीला खुणा करून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतरावर आलटून पालटून रोपे लावायची, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी हाताने खोचायची, हे ऐकून जुनी मंडळी हसली होती. "भात लावायचा की रांगोळी काढायची?" असे विचारणारेही भेटले. कागदावरचे आकडे दाखवून फारसे कोणी वळले नाही. शेजाऱ्याच्या खाचरातले फुटवे मोजल्यावर वळले.

हे आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत सीमन नॅप नावाचे एक कृषितज्ज्ञ होऊन गेले. सरकारी खर्चाने चालवलेले नमुन्याचे शेत पाहून शेतकरी बदलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून १९०३ साली टेक्सास राज्यातल्या टेरेल या गावी त्यांनी वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्याच जमिनीवर, त्याच्याच हातून प्रयोग करवला. नुकसान आले तर भरून देऊ, म्हणून गावकऱ्यांनी वर्गणीची हमी दिली. प्रयोग यशस्वी झाला, आणि शेतकऱ्याच्या शेतावरचे प्रात्यक्षिक ही पद्धत तिथून जगभर गेली.

मालेगावचा सुपरमॅन हे असेच बांधावरचे प्रात्यक्षिक आहे. साडेपाच कोटी डॉलरचा सुपरमॅन उडतो तेव्हा आपण तोंडात बोट घालतो आणि घरी जातो. शफीक उडतो तेव्हा दोर, कपडा, बैलगाडी सगळे कळते, आणि पाहणाऱ्याच्या मनात येते, 'अरे, हा तर आपल्या मागावरचा पोरगा! मग मीही काहीतरी करीन.' शुक्रवारी त्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्या कामगाराला हे वाटणे फार मोलाचे आहे. आठवडाभर त्याला कोणी वीर म्हटलेले नसते. माझ्या मते अशा चित्रपटांवर लोकांचे प्रेम बसते ते याच कारणाने, आणि ज्यांनी मालेगाव कधी पाहिले नाही अशा परमुलखातल्या लोकांनाही ते कळते. जगात बहुतेकांची साधने अपुरीच असतात.

आणि ही परंपरा आपल्याकडे काल-परवाची नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हेही नाशिक जिल्ह्यातलेच, त्र्यंबकेश्वरचे. १९१२ साली त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, पण चित्रपट म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही तो सावकार पैसा कशावर देणार? तेव्हा दादासाहेबांनी काय केले, हे प्रत्येक शेतकऱ्याने ऐकावे. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडे थोडे चित्रण केले. महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणात दिसू लागली. दाणा फुगला, मोड आला, वेल वर चढली! 'अंकुराची वाढ' हाच तो लहानसा चित्रपट. तो पाहून पैसा लावणाऱ्यांचा विश्वास बसला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा मोठा. दिवसभर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करायचा आणि रात्री अंधारात फिल्मच्या कडेला भोके पाडत बसायचे. पुढे १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली आणि हनुमान आकाशात उडाला. त्या चित्रपटाच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. तिथेही बैलगाडी आलीच!

त्यानंतर मुंबईत वाडिया बंधूंनी १९३५ साली 'हंटरवाली' काढला. त्यात घोडदौड करणारी, गुंडांना लोळवणारी नादिया ही बाई होती, आणि अंगावर शहारे आणणारी ती कामे ती स्वतः करत असे. मोठ्या घरचे लोक अशा मारधाडीच्या चित्रपटांना नाके मुरडत, पण कामकरी लोकांनी तिला डोक्यावर घेतले. त्याच सुमारास बाबूभाई मिस्त्री या कारागिराने १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया' मध्ये काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याने वस्तू हलवून अदृश्य माणसाचा भास निर्माण केला. लोकांनी त्यांचे नावच 'काला धागा' पाडले. म्हणजे उत्रोलीच्या पोरांचा दोर हा काही नवा नाही. त्याला मोठे घराणे आहे.

पण ताई, नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर माझे सांगणे अर्धवट राहील. मालेगावच्या चित्रपटात तंबाखूच्या खलनायकाला लोळवणारा शफीक शेख २०११ साली कर्करोगाने गेला. ऐन तारुण्यात, मागे संसार ठेवून. पडद्यावरचा वीर उठून उभा राहतो, खरे शरीर तसे उठत नाही. पुढच्या वर्षी, २०१२ साली, महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. बंदी असूनही पुडी कुठे मिळते, हे गावातल्या पोरांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. या चौघा-पाचजणांच्या खिशात ती आहे का, हे लाल टॉवेलच्या आधी पाहा.

दुसरी गोष्ट नक्कल करण्याची. १९९७ सालापासून दूरदर्शनवर 'शक्तिमान' लागत असे, तेव्हा त्याची नक्कल करताना मुले जखमी झाल्याच्या बातम्या येत. शेवटी शक्तिमानचे काम करणाऱ्या मुकेश खन्नांना पडद्यावरूनच मुलांना समजवावे लागले. तिसरी गोष्ट पैशाची. मालेगावच्या त्या मंडळींना नाव मिळाले, प्रेम मिळाले. पण त्यातल्या बहुतेकांचे पोट आपापल्या कामावरच चालत राहिले.

तेव्हा आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. किडा मित्राचा आहे, फवारू नका. मात्र त्याला मोकळेही सोडू नका. चार गोष्टी ठरवून घ्या.

पहिली, विहीर आणि ट्रॅक्टर बंद. यात वाटाघाट नाही. दोर कुठे काचेल, गाठ कधी सुटेल आणि विजेची तार कुठे आडवी येईल हे अठरा वर्षांच्या पोराला कळत नाही. उडायचेच असेल तर जमिनीवर राहून उडता येते. अंगणात घडवंचीवर पोराला पोटावर आडवे झोपवा, घडवंची हिरव्या लुगड्याने झाका, मागेही तेच धरा, आणि टॉवेलला पंख्याचा वारा द्या. हिरवा रंग काढून आभाळ भरण्याची सोय आता मोबाइलवरही असते. मात्र नायकाच्या अंगावर हिरवे काही नको, नाहीतर तेवढा नायक नाहीसा होईल! किंवा याहून सोपी युक्ती करा. मोबाइल तिकाटण्यावर पक्का बांधा. पोराने सपाट जागी वीतभर उडी मारायची आणि तो हवेत असताना फोटो घ्यायचा. मग एक पाऊल पुढे, पुन्हा उडी, पुन्हा फोटो. असे शंभर फोटो एकापाठोपाठ एक पळवले की पाय न टेकता तो खळ्यावरून सरकत गेल्यासारखा दिसतो. दमतो तेवढाच, पडत नाही.

दुसरी, म्हैस दावणीलाच राहील. मुलाला फाळक्यांची गोष्ट सांगा. आधी वाटाणा, मग पैसा! हातात आहे त्या मोबाइलवर पाच मिनिटांचा चित्रपट पुरा करून दाखव, देवळाच्या पटांगणात चादर लावून गावाला दाखव, आणि लोक शेवटपर्यंत बसले तर कॅमेऱ्याचे बोलू. घेण्याआधी एखादा दिवस भाड्याने आणून पाहा. आम्ही नवे वाण सगळ्या खाचरांत एकदम लावायला सांगत नाही, गुंठाभर लावून पाहा म्हणतो, त्यातलेच हे. आणि कशावर किती गेले, त्याची वही ठेवायला लावा. ज्याला पाच मिनिटांच्या चित्रपटाचा हिशेब जमला, त्याला उद्या शेताचाही जमेल.

तिसरी, वडिलांनी एकदा चित्रणाच्या जागी जाऊन बसावे. बोलू नये, नुसते बसावे. मालेगावच्या बैलगाडीसारखे काहीतरी जुगाड करताना पोरे अडली, की कुणी सांगायची गरज न पडता वडीलच पुढे होतील. तरफ, कप्पी, तिकाटणे यांत शेतकऱ्याचा हात धरणारा कोण आहे? बंद पडलेले बोलणे असल्या कामात आपोआप सुरू होते.

चौथी गोष्ट तुमच्यासाठी. मालेगावला नट्या बाहेरून आणाव्या लागल्या, हे वर सांगितले. तुमच्या घरात किंवा शेजारी मुली असतीलच. त्यांना नुसते चहा करायला आणि पोरांचे कपडे सांभाळायला ठेवू नका. एकीला कॅमेरा धरू द्या, एकीला गोष्ट लिहू द्या, आणि वाटल्यास लाल टॉवेल तिच्याच पाठीला बांधा. नव्वद वर्षांपूर्वी नादिया घोड्यावरून दौडली. आपली मुलगी अंगणात घडवंचीवर आडवी झाली तर गावाचे काही बिघडत नाही.

आता त्यांच्या वीराने लढावे कोणाशी, हे मात्र मी सांगणार नाही. कृषी खात्याच्या माणसाला विचाराल तर तो खोडकिड्याचा खलनायक करील आणि चित्रपट झोपवील. ते पोरांना ठरवू द्या. मालेगावकरांनी आपल्या शहरातली खरी अडचण शोधली होती. उत्रोलीच्या पोरांनाही आपल्या गावातली ठाऊक असेलच, आणि कदाचित ती पडद्यावर पाहताना आपल्या मोठ्यांच्या माना खाली जातील. त्याचीही तयारी ठेवा.

रोहिणी नक्षत्र तोंडावर आले आहे. रोपवाटिकेची कामे निघाली की पोरांना खाचरात उतरावेच लागेल, तेव्हा चित्रण त्याआधी उरका. पुढच्या आठवड्यात भाताच्या बीजप्रक्रियेविषयी लिहीन. तोवर घरातले मीठ आणि बादली तयार ठेवा. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, त्यावर तरंगेल ते बी काढून टाकायचे आणि तळाशी बसेल ते स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. बाकीचे पुढच्या अंकी.